अर्ध्या बादलीची गाडी

जगात गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, गाडी मिरवणारे त्याहून जास्त आहेत, पण गाडी नुसती बघून सुखी होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहत होता. आमचे समोरचे. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, दारावर पितळी पाटीही होती, पण चिकलठाण्याकडच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. नवा भाडेकरू आला की पहिले पंधरा दिवस त्यांना पोलीस समजून दबकून वागायचा. मग एखाद्या सकाळी त्याला बनियन आणि नाडीचा पायजमा घातलेले इन्स्पेक्टर दिसायचे, गाडीच्या दारापाशी उकिडवे बसलेले, मान वाकडी करून, एक डोळा मिटून, पत्र्यावरून तिरपी नजर टाकत असलेले, आणि त्याची भीती कायमची जायची. ते वाळूजच्या एका कारखान्यात रंग दिलेल्या गाड्या तपासायचं काम करायचे. रंगाच्या कामातली शेवटची जागा त्यांची. तेहेतीस वर्षं ते त्या जागेवर उभे होते आणि त्यांनी ‘ठीक’ म्हटल्याशिवाय एकही गाडी पुढे सरकत नव्हती. मी एका शाळेत पर्यवेक्षिका आहे, त्यामुळे तपासणाऱ्या माणसाची मान कशी वाकडी होते हे मला कळतं. तरीही त्यांच्या बाबतीत माझ्याकडून एक गोष्ट चुकली, आणि ती दुरुस्त करायची माझी पद्धतही चुकली. ते पुढे येईलच.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी गाडी घेतली. गडद निळी, जवळजवळ काळी वाटावी अशी. आमच्या शहरात रस्ता कायम कुठे ना कुठे खणलेला असतो आणि त्याची माती सगळ्यांच्या घरात समान वाटली जाते, म्हणून शहाणी माणसं पांढरी किंवा राखाडी गाडी घेतात. माझ्या नवऱ्याने त्यांना हे सांगितलंही. त्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमीच सांगा. पांढरी गाडी म्हंजे कॉपी करून पास व्हणं. तिच्यावर काय दिसतंय? हिच्यावर सगळं दिसतंय.” सगळं दिसावं म्हणून त्यांनी पोर्चच्या दोन्ही भिंतींवर उभ्या ट्यूबलाइट बसवून घेतल्या होत्या, अगदी कारखान्यात असतात तशा. पहिल्या संध्याकाळी त्या सगळ्या एकदम लागल्या तेव्हा गल्लीतल्या दोघी जणी साडी बदलून काय कार्यक्रम आहे ते बघायला आल्या. कार्यक्रम एवढाच होता की इन्स्पेक्टर वेताचा मोडा टाकून गाडीसमोर बसले होते आणि चहा पीत होते. मी हसले तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं, “कंपनीत एका गाडीला सव्वा मिनिट मिळायचं. डाग दिसला तर खडूनं गोल करायचा, नाय दिसला तर जाऊ द्या. लई देखण्या गाड्या गेल्या समोरून, पण एक धड बघू दिली नाय. हिला सव्वा मिनिटाची अट नाय.”

रविवार हा धुण्याचा दिवस. त्याची तयारी एखाद्या शस्त्रक्रियेसारखी चालायची. आधी घड्याळ निघायचं, मग अंगठी, मग गळ्यातली माळ. बनियन बिनबटणाची, पायजमा नाडीचा, कारण पट्ट्याचं बक्कल म्हणजे त्यांच्या लेखी हत्यार. दोन बादल्या, पांढरी साबणाची आणि निळी साध्या पाण्याची. कपडा साबणात बुडवायचा, गाडीवरून एक हात फिरवायचा, निळ्या बादलीत खंगाळायचा, मगच परत साबणात. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी, आणि चाकांचा कपडा वेगळा. हात नेहमी सरळ, पुढून मागे, गोल कधीच नाही. गोल फिरवला की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात म्हणे. मला ते कधी दिसले नाहीत, त्यांना ते आमच्या गाडीवर रस्त्यापलीकडून दिसायचे. एकदा आमचे हे भांड्याच्या साबणाने गाडी धुवायला लागले तर इन्स्पेक्टर अर्धवट दाढी केलेले, तोंडाला फेस तसाच, रस्ता ओलांडून धावत आले. “अहो काय करायलात! तोंडाला फिनेल लावता का कधी?” कपडा हातातून जमिनीवर पडला की तो मेला. कितीही नवा असो, त्याला परत गाडीवर जागा नाही, कारण मातीचा एक कण अडकला तरी तो पुढच्या हाताला ओरखडा काढणार. अशा मेलेल्या कपड्यांनी त्यांची बायको, आमच्या वहिनी, फरशी पुसायच्या. “आमची फरशी बघा,” त्या मला म्हणायच्या, “गल्लीत कुनाची नाय अशी. ह्यांच्या हातातनं कपडे सुटत्यात ते माझं नशीब.”

दुसऱ्यांच्या गाड्यांचीही त्यांना काळजी होती, आणि ती लोकांना झेपत नसे. त्यांच्या खिशात कायम एक पातळ कॅरीबॅग असायची. ती हातात मोज्यासारखी घालायची आणि बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवायची. उघड्या हाताला जी खरखर जाणवत नाही ती प्लॅस्टिकमधून जाणवते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि ते खरं आहे, मी करून पाहिलंय. पण माझ्या भाच्याच्या लग्नात, जेवणं चालू असताना, हे गृहस्थ पार्किंगमध्ये एका हातात पिशवी घालून वरपक्षाच्या गाड्या चाचपत फिरत होते. रखवालदाराने त्यांना धरून मंडपात आणलं. नवरदेवाचे काका तावातावाने विचारायला लागले तर इन्स्पेक्टरांनी त्यांनाच उलट विचारलं, “काळी गाडी तुमची का? लई खरखरीत झालीय. पॉलिशची घाई करू नका बरं, आधी नीट धुवा.” पुढे काकांनी गाडी धुतली असं भाच्याने सांगितलं.

पॉलिश आणि मेण यांतला फरक त्यांनी मला न विचारता किमान दहा वेळा सांगितला असेल. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. पॉलिश तो थर अगदी थोडासा घासून सपाट करतं, म्हणून चमक येते. मेण काही घासत नाही, ते वर बसून राहतं आणि ऊन, धूळ, पाणी अंगावर घेतं. “पॉलिश म्हंजे काढनं, मेण म्हंजे झाकनं,” ते म्हणायचे. “काढायचं वर्षातनं एकदा, तेबी भीत भीत. झाकायचं तीन महिन्याला.” मेणाचा दिवस ठरला की ते दोन दिवस आधीपासून आकाशाकडे बघायचे. बोटभर मेण घेऊन एकेक दार, एकेक पत्रा, ते सुकेपर्यंत थांबायचं, मग स्वच्छ कपड्याने पुसून काढायचं. त्या दिवशी वहिनींनी डाळीला फोडणीसुद्धा खिडकी लावून द्यायची. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लागायचं, निळ्या गाडीच्या फक्त टायरला. हळद रंगात उतरते म्हणे. “देवाला हळद चालती, ह्यांच्या गाडीला नाय,” वहिनी मला ऐकू येईल अशा बेताने देवाला सांगायच्या. नारळ ते गेटबाहेर, पार रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे आमच्या फाटकापाशी फोडत.

एवढं असून हीच गाडी त्यांनी माझ्या मुलीच्या पाठवणीला आपण होऊन दिली. मी मागितली नव्हती. सजावटवाला चिकटपट्टीने फुलं लावतो, पट्टी काढताना रंगाचं वाटोळं होतं, असं म्हणून सजावटही त्यांनीच केली. झेंडूच्या माळा दोऱ्याने वायपरला, आरशांना आणि दारांच्या फटीत अडकवल्या, पत्र्याला एक पाकळी टेकू दिली नाही. कार्यालयापासून निघताना गाडी फार देखणी दिसत होती. जालना रोडला लागेपर्यंत निम्म्या माळा उडून गेल्या आणि मुलगी सासरी पोहोचली तेव्हा गाडीवर तीन झेंडू आणि एक दोरा उरला होता. मी त्यांना दुसऱ्या दिवशी हेच ऐकवलं. आभार मानायचे राहून गेले. ते म्हणाले, “झेंडू गेले तं जाऊ द्या मॅडम. पोरगी काचंत कशी दिसत होती बघितलं का? आरशावानी काच होती.” मी बघितलं नव्हतं. मी बॅगा मोजत होते.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. पाण्याचा दिवस असतो आणि त्या दिवसावर बाकीचे दिवस काढायचे असतात. एका उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर वाढतच गेलं, आणि गल्लीने मिळून टँकर मागवायला सुरुवात केली. टँकर आला की पाइप कोणाच्या हौदात आधी, किती वेळ, यावरून पहिल्याच दिवशी दोन घरांचं बोलणं बंद झालं. मग सगळे माझ्याकडे आले. शाळेत सातशे मुलांच्या रांगा लावते, मला हे कठीण नव्हतं. मी वही केली, प्रत्येक घराचा वाटा ठरवला, अंघोळीला माणशी एक बादली असं बजावलं, आणि पाइप पकडून स्वतः उभी राहिले. कुरकुर झाली, पण पाणी सगळ्यांना मिळालं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू.

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या अंगणात बैठक झाली. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या बाई आल्या त्याच तणतणत. “लोकांच्या घरात प्यायला पानी नाय, आन् इथं गाड्यांला न्हाऊ घालायलेत! दर रविवारी दोन दोन बादल्या!” कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, गल्लीत दर रविवारी गाडी धुणारा माणूस एकच होता आणि तो तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. मीही माझ्या खिडकीतून दर रविवारी त्या दोन बादल्या बघत होते, पांढरी आणि निळी, पांढरीच्या काठापर्यंत फेस आलेला. मी वही उघडली आणि सांगितलं, “पाऊस पडेपर्यंत गाड्या धुणं बंद. सगळ्यांचं.” ते जरा पुढे सरकले. “मॅडम, ओला कपडा चालंल का? घट्ट पिळलेला?” मी शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला देते तसं उत्तर दिलं, “ओला कपडासुद्धा नाही. एकाला कपड्याची सूट दिली की दुसरा पाइप लावतो.” त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. “बरोबर हाय,” म्हणाले, “मग लिहून घ्या. लिहिलेलं बरं असतं.” मी लिहिलं. ‘ओला कपडासुद्धा नाही.’ खाली रेघ मारली.

त्या रविवारी खिडकीतून पाहिलं तर ते घड्याळ, अंगठी, माळ काढून, बिनबटणाची बनियन घालून पोर्चमध्ये मोड्यावर बसले होते. बादल्या पालथ्या. आणखी दोन आठवड्यांत गाडी निळी आहे हे आठवणीवरून सांगावं लागेल अशी झाली. कोरड्या कपड्याने पुसणं शक्यच नव्हतं, ते म्हणजे धुळीनेच घासणं. ट्यूबलाइट लावणं त्यांनी आपोआप बंद केलं. सकाळी फाटकाशी उभे राहून माझ्याशी बोलायचे तेही तुटक झालं, रुसव्याने नव्हे, बोलायला विषयच नव्हता. मी मनात म्हटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, गाडीच आहे, काही मूल आजारी नाही.

त्यांचं पोर्च जुन्या बांधणीचं आणि गाडी नव्या लांबीची, त्यामुळे बोनट हातभर बाहेर राहायचं, थेट गुलमोहराखाली. पक्ष्यांशी त्यांचं वैर जुनं होतं. पूर्वी बोनटवर घाण पडली की ते अर्ध्या मिनिटात बाहेर यायचे, ओला कपडा तिच्यावर पसरून दहा मिनिटं थांबायचे आणि ती मऊ झाली की अलगद उचलून घ्यायचे. न घासता. मे महिन्याच्या शेवटी, सुट्टीत मी घरी होते, दुपारी सहज खिडकीशी गेले तर समोर इन्स्पेक्टर भर उन्हात, डोक्याला पंचा बांधून, बोनटवर काळी छत्री धरून उभे होते. मी नवऱ्याला हाक मारली. “अहो, इकडे या लवकर, इन्स्पेक्टरांनी गाडीला छत्री धरलीय!” आम्ही दोघंही पोट धरून हसलो. चारच्या चहाला मी परत पाहिलं, तेव्हाही ते उभे होते. फक्त हात बदलला होता.

पाऊस जूनच्या शेवटी आला. पहिल्या दोन सरी झाल्यावर वहिनी मला कुरडया द्यायला आल्या. मी सहज म्हटलं, “चला, आता तुमच्या गाडीची अंघोळ सुरू होईल. दोन बादल्या मोकळ्या झाल्या.” वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, “दोन कुठल्या हो ताई? अर्धीच तं असायची.”

आणि त्यांनी मला सांगितलं. पाण्याची टंचाई सुरू झाल्यापासून ते अर्ध्या बादलीत अंघोळ करत होते, हिशोबाने. आठवडाभर आपल्या अंघोळीचं उरलेलं ते सगळं पिंपात ओतायचे, घरालाच, आणि रविवारची तेवढी अर्धी बादली गाडीची. पांढऱ्यात आणि निळ्यात मिळून अर्धी. पांढऱ्या बादलीत तळाशी चार बोटं पाणी आणि वर सगळा फेस. खिडकीतून फेस दिसतो, खाली पाणी किती आहे ते दिसत नाही. “मी म्हणलं त्यांना, मॅडमला जाऊन सांगा, तुमच्या वाट्याचंच पानी हाय. तं म्हणले, नियम सगळ्यांला सारखा, मी कारणं सांगितली की टोकाची बाई बी सांगंल. ती अर्धी बादली मग त्या गुलमोहराला घालायले. ज्याच्यावरनं पाखरं घाण करत्यात, त्यालाच!” मग त्यांनी छत्रीचंही सांगितलं. घाण पडली ती नेमकी दुपारी. ऊन लागलं की ती तापते आणि रंगावरच्या थरात उतरते. ओला कपडा टाकला असता तर दहा मिनिटांचं काम. “म्हणलं घोटभर पानी टाका प्यायच्या तांब्यातलं, कोण बघतंय? तं मलाच म्हणले, कोणी बघत नाय म्हणूनच. मग उभे राहिले छत्री घिऊन, ऊन उतरंस्तोवर. पन दुसऱ्या दिवशीचं ऊन होतंच की.” वहिनी हसल्या. मी कुरडयांचा डबा हातात घेऊन उभी होते.

मी तशीच रस्ता ओलांडून गेले. गाडी पावसाने आपोआप धुतली गेली होती आणि बोनटवर, अगदी पुढे, बोराएवढा एक डाग होता. पांढुरका, कडेला जरा सुरकुतलेला, भाजलेल्या कातडीसारखा. ते तिथेच मोड्यावर होते. मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही मला सांगितलं का नाही?” ते म्हणाले, “तुमी विचारलंच नाय मॅडम. तुमी नियम सांगितला.” मी म्हटलं, “मग पॉलिश करा की. जाईल.” त्यांनी मान हलवली. “खाली उतरलाय. काढायचा म्हणलं तं सगळा थर पातळ करावा लागंल. एका डागासाठी सगळं बोनट उघडं पाडायचं का?” आणि मग माझा चेहरा बघून असेल, ते घाईने म्हणाले, “नियम बरोबर होता बरं का. डाग माझ्या गाडीवर पडला म्हणून नियम चूक ठरत नाय.” तिथे मला ‘माफ करा’ म्हणता आलं असतं. दोन शब्द, त्याला पाणी लागत नाही. मी म्हटलं, “एखाद्या चांगल्या गॅरेजला दाखवून बघा.” आणि घरी आले.

ते पुन्हा रविवारी गाडी धुवायला लागले, पण मोडा आता बोनटसमोर नसायचा, डिकीच्या बाजूला असायचा. पुढच्या वर्षी वहिनींचे गुडघे अगदीच बसले आणि पुण्याच्या मुलाने दोघांना तिकडे यायचा आग्रह धरला. तिथे बारा मजल्यांची इमारत, पार्किंगमध्ये गाडी धुवायला बंदी. एक माणूस येतो आणि एकाच ओल्या फडक्याने चाळीस गाड्या पुसतो, हे ऐकल्यावर गाडी तिकडे न्यायचा विषयच संपला. विकायची ठरली. गिऱ्हाइकं यायला लागली आणि त्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. एकाने येताच बोनटवर थाप मारली, तो दारातूनच परत गेला. दुसऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल मोठं होतं. तिसरा चांगला वाटत होता, त्याला विचारलं, “धुता कशी?” तो ऐटीत म्हणाला, “महिन्यातून एकदा प्रेशरचा पाइप मारतो की.” त्याला चहा दिला, गाडी नाही. सामानाचा ट्रक यायला चार दिवस उरले तरी गाडी पोर्चमध्येच. वहिनी रडकुंडीला आल्या. “ताई, हे आता हिला कुनालाच देत नसत्यात.”

मी गेले आणि म्हटलं, “मला द्या.” आमची गाडी चांगली चालत होती, घरात कोणाला विचारलेलं नव्हतं, नवऱ्याला हे मी नंतर सांगितलं. इन्स्पेक्टरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. “बांगड्या,” ते म्हणाले. मी काढल्या. “घड्याळ.” तेही काढलं. पदर खोचला. त्यांनी मला एक कपडा दिला आणि दारावरून हात फिरवायला लावला. पुढून मागे, सरळ. दुसऱ्या वेळी हात जरासा वळला तर म्हणाले, “अं हं.” तिसऱ्या वेळी काही म्हणाले नाहीत. मग किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, “तुमाला देतो मॅडम. तुमी एकदा नियम लिहिला की मोडत नाय. मी बघितलंय.” त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं, त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मला वर बघता येईना. किल्लीबरोबर मेणाचा डबा, अकरा जिवंत कपडे आणि दोन्ही बादल्या मिळाल्या. पांढऱ्या बादलीच्या आत, तळापासून चार बोटांवर, खिळ्याने मारलेली रेघ आहे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते पुण्याहून व्हिडिओ कॉल करतात आणि मी बांगड्या काढून त्यांना गाडी दाखवते. सुरुवातीला ही तपासणी तासभर चालायची. “फोन खाली घ्या. आणखी खाली. आता तिरका. मॅडम, मागच्या दाराला खालून हात लागला नाय.” आणि खरंच लागलेला नसायचा. नवरा म्हणायचा, शाळेत तू लोकांना एवढं छळतेस त्याचं हे फळ आहे. बोनट मात्र मी नेहमी शेवटी आणि भरभर दाखवायची, आणि तेही तिथे कधी थांबायचे नाहीत. गेल्या काही महिन्यांत तपासणी लहान होत गेली. मुलाने मध्ये फोन घेऊन सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी आहे, इंजेक्शनं चालू आहेत, मधलं धूसर दिसतं, कडेचं दिसतं. टीव्ही बंद केलाय, पेपर वहिनी वाचून दाखवतात. रविवारचा फोन तेवढा सोडत नाहीत.

परवाच्या रविवारी मी मेण लावलं होतं. तीन महिने झाले होते. सगळी गाडी दाखवून झाली, दारं, टप, डिकी, आणि मी बोनटवरून फोन नेहमीसारखा भरभर नेत होते. तर ते म्हणाले, “थांबा.” मी थांबले. फोन नेमका डागावर होता. नुकतंच मेण लावलेलं, सकाळचं ऊन, आणि त्यात तो डाग मला नेहमीपेक्षा ठळक दिसत होता. पलीकडे ते बराच वेळ बघत राहिले, मान वाकडी करून, एक डोळा मिटून. सव्वा मिनिटापेक्षा जास्तच. मग म्हणाले, “डाग गेला वाटतं मॅडम.”

आयुष्यभर मी वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना उभं केलंय. मी म्हटलं, “हो भाऊ. गेला.”

“लई छान,” ते म्हणाले. “मग ठीक हाय. जाऊ द्या गाडी पुढं.”

त्यांना तो खरंच दिसला नाही, की तेहेतीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी केली आणि डाग असलेली गाडी पास करून टाकली, ते मी विचारलं नाही. विचारण्याचं काम माझ्याकडून वेळेवर होत नाही, हे आता मला माहीत झालंय. फोन ठेवल्यावर निळ्या बादलीत थोडं पाणी उरलं होतं, ते मी समोरच्या गुलमोहराला घातलं. मग कोरडा कपडा उलटा केला आणि बोनटवरून एक हात फिरवला. पुढून मागे, सरळ.